स्वायत्त गिटार : रेमो फर्नांडिस यांची कारकीर्द आणि प्रोटोपंकचा निकष

१. प्रस्तावना

मराठीत संगीतविषयक लेखनाची परंपरा समृद्ध आहे. ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत आणि लोकसंगीत यांविषयी आपल्याकडे गंभीर स्वरूपाचे विवेचन झालेले आहे. विजेवर चालणाऱ्या गिटारच्या संगीताविषयी मात्र अभ्यासपूर्ण लेखन तुलनेने अल्प आहे. या संगीताकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. पहिली रीत त्याला तरुणांचा गोंगाट समजून बाजूला सारते, तर दुसरी त्याला पाश्चात्त्यांचे अनुकरण ठरवून मोकळी होते. दोन्ही रीतींत प्रत्यक्ष कलाकृतीकडे वळण्याची गरजच उरत नाही.

गोव्याचे गिटारवादक, गायक आणि गीतकार रेमो फर्नांडिस यांना या उदासीनतेचा फटका विशेष बसला आहे. मराठी रसिकांना त्यांची ओळख मुख्यतः हिंदी चित्रपटगीतांमुळे झाली. 'जलवा' (१९८७) चे शीर्षकगीत, 'बॉम्बे' (१९९५) मधील 'हम्मा हम्मा' आणि 'प्यार तो होना ही था' (१९९८) चे शीर्षकगीत ही त्यांची लोकप्रिय गाणी होत. २००७ साली त्यांना 'पद्मश्री' हा किताब मिळाला. या ओळखीत एक महत्त्वाचा कालखंड झाकला जातो. १९८४ ते १९८७ या काळात गोव्यातील आपल्या घरी बसून त्यांनी जे काम केले, ते भारतीय रॉक संगीताच्या इतिहासात वेगळ्या मोलाचे आहे. प्रस्तुत लेखात त्या कामाचा विचार 'प्रोटोपंक' या संकल्पनेच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. तसे करताना त्या कामाची थोरवी आणि मर्यादा या दोन्ही बाजू लक्षात घेतल्या आहेत.

२. प्रोटोपंक : संकल्पना आणि निकष

'प्रोटोपंक' ही संज्ञा मागाहून दिलेली आहे. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत पंक संगीताचा उद्रेक झाला. त्यानंतर समीक्षकांनी मागे वळून पाहिले आणि ज्या वादकांत त्याची बीजे दिसली त्यांना हे नाव दिले. डेट्रॉइटचा एमसी-फाइव्ह, त्याच परिसरातील अॅन आर्बरचा स्टूजेस आणि न्यूयॉर्कचा व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हे वाद्यवृंद या वर्गात प्रामुख्याने गणले जातात.

या परंपरेतील गिटारवादकाचे प्रातिनिधिक चरित्र म्हणून एमसी-फाइव्हचे वेन क्रेमर (१९४८-२०२४) यांच्याकडे पाहता येते. मोटार-कारखान्यांच्या डेट्रॉइट शहरात ते वाढले. रॉकच्या ठोक्यावर मुक्त जॅझची बेबंद स्वररचना चढवण्याचा प्रयोग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांचा पहिला संग्रह ऑक्टोबर १९६८ मध्ये श्रोत्यांसमोरच ध्वनिमुद्रित झाला आणि १९६९ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील एका अपशब्दावरून डेट्रॉइटच्या एका मोठ्या दुकानाने तो विकण्यास नकार दिला. वृंदाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्या दुकानाला शिवीगाळ केली. परिणामी ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांच्याशी असलेला करार संपवला. वृंद विस्कटल्यानंतर क्रेमर व्यसनाच्या आहारी गेले आणि अमली पदार्थांच्या विक्रीप्रकरणी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ कारावास भोगावा लागला. उत्तरायुष्यात ते सावरले. तुरुंगांत गिटार पोहोचवणाऱ्या, मूळ इंग्लंडमधील एका उपक्रमाची अमेरिकी शाखा त्यांनी २००९ मध्ये सुरू केली.

या इतिहासातून प्रोटोपंकचे तीन निकष काढता येतात. पहिला निकष ध्वनीचा : कर्कश, मोजक्या स्वरमेळांचा, सफाईला नकार देणारा आवाज. दुसरा संबोधनाचा : सत्तेला वा समाजाला आडपडदा न ठेवता, नाव घेऊन बोलणे. तिसरा निकष साधनांच्या मालकीचा आहे. कंपनीने करार मोडताच एमसी-फाइव्हचा आवाज अडचणीत आला, कारण ध्वनिमुद्रण, छपाई आणि विक्री ही सारी साधने परक्या हातांत होती. पुढच्या पिढीने हा धडा घेतला. मँचेस्टरच्या बझकॉक्स या वृंदाने उसन्या पैशांवर जानेवारी १९७७ मध्ये आपली तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेला तिच्या फक्त १००० प्रती होत्या. ध्वनीची आणि वेशभूषेची शैली काही वर्षांत बाजाराने आपलीशी केली. टिकाऊ ठरली ती स्वतःची तबकडी स्वतः काढण्याची रीत. म्हणून या तीन निकषांत तिसरा सर्वाधिक मूलभूत मानावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

३. गोमंतकीय वादकाचा वारसा

रेमो यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी गोमंतकीय वादकांचा पूर्वेतिहास पाहणे आवश्यक ठरते. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपीचे शिक्षण मिळाल्यामुळे गोव्यात व्हायोलिन, ट्रम्पेट, पियानो वाजवणाऱ्यांची पिढी तयार झाली. पोटापाण्यासाठी ही मंडळी मुंबईला आली आणि हॉटेलांतील जॅझ वृंदांत व चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात स्थिरावली. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या वादक-संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यमेळाला आकार दिला. मात्र गाणे ओळखले गेले ते संगीतकाराच्या व गायकाच्या नावाने. गोन्साल्विस यांचे नाव घराघरात पोहोचले तेही १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील विनोदी गाण्यामुळे. ते गाणे म्हणणारे पात्र आणि ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गुरू यांचा संबंध किती श्रोत्यांना ठाऊक होता, हा प्रश्नच आहे.

गोमंतकीय वादकाच्या वाट्याला आलेली ही अनामिकता वैयक्तिक दुर्दैवातून आलेली नव्हती. कौशल्य वादकाचे आणि साधने दुसऱ्याची, या व्यवस्थेचाच तो परिणाम होता. रेमो यांनी ही व्यवस्था आपल्यापुरती उलटी केली. या कृतीचे मोल गायनकौशल्याच्या मापाने मोजता येणार नाही.

४. घडण

रेमो यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी पणजी येथे झाला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्यामुळे पोर्तुगीज गीते, कोंकणी मांडो आणि नव्याने येऊ लागलेले इंग्रजी रॉक हे तिन्ही प्रवाह त्यांच्या कानांवर बालपणीच पडले. शाळेत असतानाच मित्रांसमवेत त्यांनी 'द बीट फोर' नावाचा वृंद काढला. पुढे मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. या काळात ते 'द सॅव्हेजेस' या नामांकित वृंदात वाजवत असत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी युरोप व उत्तर आफ्रिकेत वाटेत भेटेल त्या वाहनाने भ्रमंती केली आणि नंतर ते गोव्यात परतले.

या परतण्याला विशेष अर्थ आहे. वास्तुविशारदाची पदवी हाताशी असलेल्या आणि मुंबईच्या वृंदात नाव झालेल्या वादकापुढे महानगराची वाट मोकळी होती. आधीची पिढी गोव्याहून मुंबईला गेली होती; रेमो मुंबईहून गोव्याला आले. इंग्रजीत स्वतःची गाणी लिहिणाऱ्या भारतीय गायकाला तेव्हाच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे फारसे स्थान नव्हते. वृंदांकडून अपेक्षा असे ती परदेशी गाण्यांच्या हुबेहूब नकलेची. अशा स्थितीत गावी परतणे म्हणजे माघार ठरू शकली असती. तसे झाले नाही, याचे एक कारण तंत्रज्ञानात होते.

५. 'गोवन क्रेझी' : चार पट्ट्यांचा कारखाना

१९७९ मध्ये टीअॅक या जपानी कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्यांत ध्वनिमुद्रण करण्याची सोय त्यात होती. एका पट्टीवर ताल, दुसरीवर बास, तिसरीवर गिटार असे भरायचे. त्या तिन्ही एकत्र करून चौथ्या पट्टीवर उतरवायच्या आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा नवे सूर चढवायचे, अशी त्याची पद्धत होती. प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढे. शिवाय एकदा एकत्र केलेले सूर पुन्हा सुटे करता येत नसत. त्यामुळे निर्णय आधी घ्यावा लागे आणि तो निभवावा लागे.

याच प्रकारच्या यंत्रावर रेमो यांनी १९८४ साली 'गोवन क्रेझी' हा संग्रह घरीच तयार केला. गीतलेखन, स्वररचना, गायन, वाद्यवादन, ध्वनिमुद्रण आणि वेष्टनाची सजावट ही सर्व कामे त्यांनी स्वतः केली. तयार कॅसेटी स्कूटरवर लादून गोव्यातील दुकानादुकानांत त्यांनी स्वतःच पोहोचवल्या. १९८५ मध्ये 'ओल्ड गोवन गोल्ड' हा जुन्या गोमंतकीय गीतांचा संग्रह, १९८६ मध्ये 'पॅक दॅट स्मॅक' आणि १९८७ मध्ये 'बॉम्बे सिटी' हे संग्रह आले. या यशानंतर मोठ्या कंपन्यांची दारेही त्यांच्यासाठी उघडली.

हे घडले तो काळ भारतात कॅसेटच्या प्रसाराचा होता. तबकडीच्या युगात एका मोठ्या कंपनीची या व्यवसायावर जवळपास मक्तेदारी होती. कॅसेटची नक्कल स्वस्तात करता येऊ लागल्यावर प्रादेशिक भाषांतील छोट्या निर्मात्यांना वाव मिळाला. उत्तर भारतातील या स्थित्यंतराचा सविस्तर अभ्यास पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मधील 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात केला आहे. तथापि, त्या छोट्या निर्मात्यांतही निर्माता आणि कलावंत या दोन वेगळ्या व्यक्ती असत. रेमो यांच्या प्रयोगात निर्माता, कलावंत, तंत्रज्ञ आणि विक्रेता एकच होता. तिसऱ्या निकषावर हे काम बझकॉक्सच्या तबकडीच्याही पुढचे आहे, कारण त्या वृंदालाही ध्वनिमुद्रणासाठी दुसऱ्याच्या स्टुडिओत जावे लागले होते.

६. संबोधनाची रीत

आता दुसऱ्या निकषाकडे वळू. रेमो यांचे 'ओड टू ग्रॅहम बेल' हे गाणे दूरध्वनीच्या बेभरवशाच्या सेवेची थट्टा करते. आज हा विषय किरकोळ वाटेल. पण दूरध्वनी हे सरकारी खाते होते आणि जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्या काळात नागरिकाची रोजची हतबलता गाण्यात आणणे हे परदेशी प्रेमगीतांच्या नकलेपासून फार दूरचे होते. 'पॅक दॅट स्मॅक' मध्ये त्यांनी हेरॉइनच्या व्यसनावर हल्ला चढवला. गोव्याच्या किनाऱ्यांवर परदेशी पाहुण्यांसोबत आलेल्या या विषाचे परिणाम ते जवळून पाहत होते.

येथे क्रेमर यांच्याशी असलेला विरोध उद्बोधक आहे. डेट्रॉइटच्या बंडात मादक पदार्थ हे मुक्तीचे साधन मानले गेले आणि त्याच साधनाने बंडखोरांचा घास घेतला. रेमो यांच्या गोव्यात तेच पदार्थ बाहेरून आलेल्या मुक्तीच्या नावाखाली स्थानिक तरुणांना गिळत होते. त्यामुळे येथे बंडाची दिशाच बदलली. रॉकचा आवाज रॉकच्याच एका प्रतिष्ठित सवयीविरुद्ध उभा राहिला. अनुकरणाचा आरोप करणाऱ्यांनी या मुद्द्याचा विचार करायला हवा. अनुकरण करणारा सवयीही उचलतो. रेमो यांनी वाद्य उचलले आणि सवय नाकारली.

या काळातील सर्वाधिक गाजलेला प्रसंग 'हॅलो राजीव गांधी' या गाण्याचा. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असता रेमो यांनी त्यांना थेट उद्देशून हे गाणे म्हटले आणि गोमंतकीयांच्या मनातील गोष्टी मोकळेपणाने ऐकवल्या. काही राजकीय मंडळींना हा औचित्यभंग वाटला. पंतप्रधानांनी मात्र पत्र पाठवून आपण गाण्याने दुखावलो नसल्याचे कळवले. गोव्यात तेव्हा भाषेचा आणि राज्याच्या दर्जाचा प्रश्न पेटलेला होता. कोंकणीला राजभाषेचे स्थान देणारा कायदा ४ फेब्रुवारी १९८७ रोजी संमत झाला आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य बनले. ही पार्श्वभूमी लक्षात घेता ते गाणे स्वागतगीताच्या वेशातील निवेदन होते, असे म्हणता येते.

या प्रसंगी एक आक्षेप संभवतो. ज्या बंडाला सत्ताधीश पत्राने दाद देतो आणि कालांतराने राज्यसंस्था किताब देते, ते बंड कितपत खरे? या आक्षेपात तथ्य आहे. क्रेमर यांनी मोजलेली किंमत रेमो यांना मोजावी लागली नाही. तरीही शिक्षेच्या प्रमाणावरून बंडाची प्रत ठरवणे उचित नव्हे. सत्तेची प्रतिक्रिया कलावंताच्या हाती नसते. त्याच्या हाती असते ते इतकेच की, बोलण्याआधी कोणाची परवानगी घ्यावी लागू नये. ती दाद येण्यापूर्वीच, कॅसेट आपल्या घरी आपल्या यंत्रावर तयार होत होती, यातच या बंडाचे खरेपण आहे.

७. मराठी समांतर

साधनांच्या मालकीचा हा विचार मराठी वाचकाला अपरिचित नाही. तो आपल्याकडे संगीतात न येता कवितेत आला. १९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आदींनी 'शब्द' हे अनियतकालिक सुरू केले आणि साठच्या दशकात अनियतकालिकांची चळवळ फोफावली. प्रस्थापित मासिकांच्या संपादकांची मर्जी सांभाळण्यापेक्षा चक्रमुद्रित पाने स्वतः काढून वाटावीत, ही त्यामागील भूमिका होती. कोलटकरांचा 'जेजुरी' हा इंग्रजी कवितासंग्रहही १९७६ साली 'क्लिअरिंग हाउस' या कवींनीच चालवलेल्या प्रकाशनातर्फे आला. कोलटकर पखवाज शिकले होते आणि गाण्यांच्या अंगाने जाणाऱ्या इंग्रजी रचनाही त्यांनी केल्या, ही बाब येथे सूचक ठरते.

चक्रमुद्रणयंत्र आणि चार पट्ट्यांचे ध्वनिमुद्रणयंत्र ही दोन्ही गरिबीची साधने होती. एकातून पुसट अक्षर निघे, दुसऱ्यातून खरखर. दोन्हींनी ही उणीव लपवली नाही. अनियतकालिकांच्या पुसट अक्षरांना मराठी समीक्षेने वाङ्मयीन इतिहासात मानाचे स्थान दिले. तीच दृष्टी कॅसेटच्या खरखरीपर्यंत पोहोचली नाही, हे आपल्या समीक्षेचे अपुरेपण होय.

८. मर्यादा

आतापर्यंतच्या विवेचनावरून रेमो यांना सरसकट प्रोटोपंक ठरवण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. पहिल्या, म्हणजे ध्वनीच्या निकषावर ते या वर्गात बसत नाहीत. त्यांची गिटार सुरेल आहे. तिला मांडोची लय ठाऊक आहे, तिच्या सोबतीला बासरी आहे आणि तिचा स्वभाव विनोदाचा आहे. स्टूजेसचे रॉन अॅशटन एकाच स्वरवाक्याच्या आवर्तनातून जी कोंडी निर्माण करतात, तिचा येथे मागमूस नाही.

याहून महत्त्वाची मर्यादा त्यांच्या स्वायत्ततेतूनच उद्भवते. स्टूजेसचा 'फन हाउस' (१९७०) हा संग्रह वादकांनी एका खोलीत एकत्र वाजवून सिद्ध केला. त्यातील ताण एकमेकांवर आदळणाऱ्या माणसांचा आहे. 'गोवन क्रेझी' मध्ये सर्व भूमिका एकाच व्यक्तीच्या आहेत. ढोल गिटारला अडवत नाही, कारण दोघांमागे एकच मन आहे. परिणामी या संगीतात नेटकेपणा आहे, पण घर्षण नाही.

ही उणीव कोकणातील वाचकाला सहज जाणवेल. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे वाढलेल्या अलोरे परिसरात किंवा चिपळूण तालुक्यातील कोणत्याही गावात गणेशोत्सवाच्या दिवसांत शक्ती-तुऱ्याचे सामने ऐकावेत. तेथेही रचना शाहिराची स्वतःची असते, वाद्ये मंडळाची असतात आणि विषय कालपरवाचे असू शकतात. साधने येथेही आपल्याच हाती असतात. शिवाय तेथे समोर दुसरा पक्ष बसलेला असतो. शक्तीवाल्याने टाकलेला सवाल तुरेवाल्याला सोडवावा लागतो आणि कोणाची सरशी झाली हे गाव ठरवते. रेमो यांच्या स्वायत्ततेला असा प्रतिपक्ष लाभला नाही. त्यांच्यामागून त्याच मापाच्या दुसऱ्या गिटारवादकाने सवाल टाकला असता, तर व्यक्तीच्या कर्तृत्वाची परंपरा झाली असती.

भाषेची मर्यादाही विचारात घ्यावी लागते. त्यांची टीका मुख्यतः इंग्रजीत आहे. दूरध्वनीची किंवा व्यसनाची झळ ज्यांना बसत होती, त्यांपैकी बहुसंख्यांची ती बोलण्याची भाषा नव्हती. 'ओल्ड गोवन गोल्ड' मध्ये ते आपल्या मातीच्या गाण्यांकडे वळले, पण तेथे स्मरणरंजनाचा सूर प्रबळ झाला आणि टीका मागे पडली. टीकेची भाषा एक आणि आठवणींची भाषा दुसरी, ही फारकत त्यांच्या या काळातील कामात पूर्णपणे मिटलेली दिसत नाही.

त्यानंतरचा चित्रपटगीतांचा टप्पा अधःपतन म्हणून पाहण्याचे कारण नाही. मात्र तेथे ते पुन्हा दुसऱ्याच्या रचनेतील एक आवाज झाले. आधीच्या पिढीतील गोमंतकीय वादकांच्या तुलनेत फरक इतकाच की, आता नाव छापले जात होते.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, ध्वनीच्या दृष्टीने रेमो फर्नांडिस प्रोटोपंक नाहीत. संबोधनाच्या दृष्टीने ते त्याच्या निकट आहेत. आणि साधनांच्या मालकीच्या दृष्टीने त्यांनी १९८४ साली गोव्यात जे केले ते त्या परंपरेच्या गाभ्याशी जुळते. हा गाभा त्यांनी डेट्रॉइटहून आणला असे मानण्याची गरज नाही. वाद्यकौशल्य असूनही अनामिक राहिलेल्या गोमंतकीय वादकांच्या इतिहासातून ती गरज निर्माण झाली होती आणि एका स्वस्त यंत्राने ती भागवण्याची संधी दिली.

आज घरच्या संगणकावर गाणे तयार करून ते जगभर पाठवणे कोणाही विद्यार्थ्याला शक्य झाले आहे. साधन सर्वांच्या हाती आले, तरी ते वापरून कोणाला आणि काय सांगायचे हा प्रश्न तसाच राहिला आहे. आपल्या महाविद्यालयांतून वार्षिक स्नेहसंमेलनांत गिटार घेऊन उभे राहणारे विद्यार्थी बहुधा दुसऱ्याचीच गाणी म्हणतात. त्यांना गोंगाट करणारे म्हणून आपण दूर ठेवतो, किंवा उत्तम नक्कल केली म्हणून बक्षीस देतो. आपल्या गावच्या दूरध्वनीवर, रस्त्यावर, व्यसनावर स्वतःचे गाणे रचणारा विद्यार्थी भेटला तर त्याच्या कामाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करायचे, याची तयारी अध्यापक म्हणून आपण केलेली नाही. रेमो यांच्या चार वर्षांच्या कामाचा पुनर्विचार या तयारीची सुरुवात ठरू शकेल.